ग्वाल्हेरचे शून्य आणि शोधाची रीत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. एकाच खडकातून कोरून काढलेल्या या लहानशा विष्णुमंदिरातल्या शिलालेखावर विक्रम संवत 933, म्हणजे इ. स. 876, असा काळ आहे. देवाला दिलेल्या फुलबागेची लांबी 270 हात, रुंदी 187 हात आणि रोज वाहायच्या माळा 50, असे त्यात नोंदले आहे. 270 आणि 50 यांतली शून्ये आजच्यासारखीच लहान वर्तुळाची आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा हा आवडता विषय आहे आणि इंटरनेटवर शोध घेण्याविषयीचे बहुतेक गैरसमज या एका उदाहरणावर तपासता येतात.

सर्वांत रूढ समज असा, की शोधयंत्राच्या यादीत जे वर, ते जास्त खरे. प्रत्यक्षात शोधयंत्र खरेखोटे तपासत नाही. टाकलेले शब्द पानावर कुठे आहेत, त्या पानाकडे किती दुवे येतात, शोधणारा कोणत्या भाषेत आणि कोणत्या गावातून शोधतो आहे, अशा खुणांवरून क्रम लागतो. काही जागा तर जाहिरातींच्या असतात. ‘जगातले पहिले शून्य’ असे लिहून शोधले की हेच शब्द ज्या पानांवर आहेत ती पाने समोर येतात आणि त्यांत ग्वाल्हेरचे नाव वारंवार दिसते. पण कंबोडियातल्या सांबोर येथील शिलालेखात शक 605, म्हणजे इ. स. 683, हे वर्ष लिहिताना शून्यासाठी टिंब कोरलेले आहे. 1931 साली जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने ते विद्वानांच्या नजरेस आणले. पेशावरजवळ 1881 साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितातही टिंबाचे शून्य आहे. 2017 साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने त्याच्या पानांची कार्बन चाचणी जाहीर केली. तीन पानांचे काळ तीन निघाले. सर्वांत जुने पान तिसऱ्या-चौथ्या शतकातले ठरले आणि या निष्कर्षावर गणितेतिहासाच्या अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतले. म्हणून ग्वाल्हेरच्या शून्याला भारतातल्या निश्चित काळाच्या शून्यांपैकी अतिशय जुने आणि सुस्पष्ट म्हणणे योग्य. ‘जगातले पहिले’ म्हणणे योग्य नाही. त्याने या शिलालेखाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

‘दहा ठिकाणी तेच लिहिले आहे, म्हणजे ते बरोबरच’ हा समज अधिक फसवा आहे. दहा पाने एकाच पानावरून उतरवलेली असली, तर साक्षीदार एकच. या शिलालेखाचा पाठ ई. हुल्ट्झ यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापला. शिलालेख बोलतो तो बाग, शेते, दिव्याचे तेल आणि माळा यांविषयी. ‘पहिले’ हा शब्द नंतरच्या लेखकांचा. मूळ पाठापर्यंत गेलेल्या विद्यार्थ्याला हा फरक आपोआप कळतो.

प्रश्नच धूसर असला तर उत्तरही धूसर मिळते. ‘शून्याचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत: रिकामी जागा दाखवणारे चिन्ह कधीपासून, स्थानमूल्याची पद्धत कधीपासून आणि शून्याला संख्या मानून त्याचे नियम कधीपासून. आर्यभटाने शून्य शोधले असे सर्रास सांगितले जाते. पण 499 च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त संख्या अक्षरांनी लिहिल्या आहेत, शून्याचे चिन्ह तिथे नाही. शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम 628 सालच्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात मिळतात. प्रश्न असा फोडला, की शोधायचे शब्दही बदलतात.

ते शब्द टाकण्याचीही रीत आहे. अवतरणचिन्हांत घातलेला शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावले, की तो शब्द असलेली पाने गळतात. ग्वाल्हेरात ‘लक्ष्मीबाई’ शोधणाऱ्याला हे फार उपयोगी पडते. कारण राणीच्या नावाचे महाविद्यालय आहे, शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, शिवाय चित्रपट आणि मालिका आहेतच. एखाद्याच संकेतस्थळापुरता किंवा फक्त पीडीएफपुरता शोध मर्यादित करता येतो.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र वेगळीच असते. एकाच लिपीत, एकाच वर्णलेखनाने शोधले की पुरते, असे त्याला वाटते. ग्वाल्हेर हिंदीत ग्वालियर होते आणि जुन्या संस्कृत लेखांत गोपगिरी किंवा गोपाद्रि. शिंदे घराणे हिंदीत सिंधिया. रोमन लिपीत त्याची तीन-चार वर्णलेखने प्रचलित आहेत आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांतले वर्णलेखन आजच्या वर्तमानपत्रांतल्यासारखे नसते. महादजी, माधवराव आणि पाटीलबावा ही तिन्ही नावे एकाच पुरुषाची. वेगवेगळ्या रूपांची यादी आधी कागदावर केली, तर आधी रिकामा गेलेला शोध पुष्कळदा फळाला येतो.

समकालीन माणसाने लिहिले म्हणजे शंकेला जागा नाही, हा समजही तपासून घ्यावा लागतो. राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूची तारीख कुठे 17 जून 1858, तर कुठे 18 जून दिसते. कोटा की सराय येथे ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेशी लढाई झाली ती 17 जूनला. अशा वेळी एक तारीख निवडून दुसरी झाकण्यापेक्षा कोणती तारीख कोणत्या साधनातून आली हे लिहिणे हेच संशोधन. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ झाशीच्या वेढ्यासाठी मोलाचा, कारण ते त्या वेळी झाशीत होते. राणीच्या अखेरच्या लढाईचे ते प्रत्यक्ष साक्षीदार नव्हते आणि त्यांनी आठवणी लिहिल्या त्या सुमारे पंचवीस वर्षांनी. शिवाय 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी पुस्तक छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. इंटरनेटवर हे पुस्तक मिळाले, तर त्यातली आवृत्ती कोणती हे आधी पाहावे लागते.

संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सफाईदार वाक्ये जुळवतात. त्या ओघात अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि पृष्ठक्रमांकही देतात. शब्द सुचवून घ्यायला ती उपयोगी आहेत, पुरावा म्हणून नाहीत.

सगळे काही इंटरनेटवर आहे, हेही खरे नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पुस्तके, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर सरकारी कागदांच्या सूच्या मिळतात. पण मराठेशाहीचे असंख्य मोडी कागद अजून रुमालांत बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून 45 खंड निवडून छापले, तरी तो दफ्तराचा लहानसा भागच होता. स्कॅन केलेल्या मोडी पानातला शब्द शोधयंत्राला सहसा सापडत नाही; तिथे लिपी वाचणारा माणूसच लागतो.

शेवटचा समज उतरवून घेण्याविषयीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावरून तेवढी नक्कल चालते असे मानले जाते. नियम दंडाची पायरी सांगतो, परवानगी देत नाही. संगणक मोजतो ते शब्दांचे साम्य. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत नाव न घेता मांडणे ही चोरी त्याला दिसत नाही, तरी ती चोरीच. म्हणून टिपण काढतानाच लेखक, ग्रंथ, आवृत्ती, पान आणि संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख नोंदवतात आणि जसाच्या तसा घेतलेला मजकूर त्याच क्षणी अवतरणचिन्हांत ठेवतात. महिन्याभराने वही उघडल्यावर कोणते वाक्य हुल्ट्झचे आणि कोणते आपले, हे ओळखायला दुसरी खूण उरलेली नसते.