उडत्या पाणपक्ष्यांचे छायाचित्रण

पुणे जिल्ह्यातील भिगवणजवळ, भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात, हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे मोठमोठे थवे दिसतात. उथळ पाण्यात लांब पायांनी चालत भक्ष्य टिपणारे शेकाटे, चित्रबलाक आणि रोहित उडताना टिपावेत, असे छायाचित्रकाराला साहजिकच वाटते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नावाड्याला होडी थव्याच्या अगदी जवळ न्यायला सांगितली. थवा उडाला, परंतु हाती आल्या त्या केवळ पाठमोऱ्या आकृती. घाबरलेला पक्षी आपल्यापासून दूर उडतो, हा पहिला धडा तेथे मिळाला.

पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण घेतात. म्हणून वारा आणि सकाळचा सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी राहतील, अशी जागा निवडून शांतपणे थांबावे. स्वेच्छेने उडालेला पक्षी समोरून येण्याची शक्यता मग वाढते. रोहित पाण्यावर काही पावले धावून हवेत चढतो. ती धाव हीच पूर्वसूचना. शेकाट्या मात्र जागच्या जागी उसळतो, त्यामुळे कॅमेरा आधीच सज्ज हवा.

पंखांची हालचाल स्पष्ट गोठवण्यासाठी शटरची गती १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावी आणि सतत फोकस साधणारी पद्धत निवडावी. पक्षी गडद पाण्यावरून उजळ आकाशात जाताच कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते. पाण्याच्या पार्श्वभूमीवर शुभ्र पिसे जळल्यासारखी पांढरीफटक होतात, तर आकाशासमोर पक्षी काळवंडतो. यावर उपाय म्हणजे शुभ्र पिसांतील तपशील टिकेल असे एक्स्पोजर स्वतः ठरवून ते कायम ठेवणे; प्रकाश पालटला तरच ते बदलावे. शेकाट्याचे लांब लाल पाय उडताना शेपटीच्या बरेच मागे जातात. ते कापले जाऊ नयेत म्हणून चौकटीत मोकळी जागा सोडावी. अनावश्यक भाग नंतरही छाटता येतो, सुटलेला भाग मात्र जोडता येत नाही.

शेकाट्या मान वरखाली झटकू लागला, तर तो अस्वस्थ आहे असे समजून मागे सरावे. दूरच्या प्रवासाहून आलेल्या पक्ष्याला येथे अन्न आणि विश्रांती हवी असते. आपण उठवलेल्या प्रत्येक उड्डाणात त्याची साठवलेली शक्ती खर्च होते. टाळी वाजवून वा खडा मारून मिळवलेले चित्र म्हणूनच दोन्ही दृष्टींनी उणे ठरते. ज्याला थांबता येते, त्याला पक्ष्याचा चेहरा दिसतो.