आधी वेग जातो

रक्तात विषाणू सापडत नाही, प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी वाढल्यात, वजनही भरलंय. तरी माणूस गल्ल्यातले पैसे पुन्हा पुन्हा मोजतो, शर्टाची बटणं लावताना अडखळतो. घरचे म्हणतात, 'आळशी झालाय', नाहीतर 'टेन्शन घेतो'. अल्झायमरमध्ये बहुधा आधी स्मरण जातं. एचआयव्हीत आधी वेग जातो.

संसर्गानंतर काही आठवड्यांतच विषाणू रक्तातल्या मोनोसाइट पेशींत दडून मेंदूत शिरतो. चेतापेशींना तो सहसा शिवत नाही. मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या राखणदार पेशींतच ठाण मांडतो. त्यांतून पाझरणारी द्रव्यं आणि न थांबणारा दाह शेजारच्या चेतापेशींना खिळखिळं करतात.

आपल्याकडे मात्र एक दिलासा होता. भारतात बहुतांशी एचआयव्ही-१चा 'सी' उपप्रकार आढळतो, अमेरिकेत 'बी'. बंगळुरूचे शास्त्रज्ञ उदयकुमार रंगा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की 'सी'च्या टॅट प्रथिनात ३१व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असतं, म्हणून ते मोनोसाइटना तितकंसं खेचून आणत नाही. म्हणजे भारतीयांचा मेंदू बचावला! पण बंगळुरूच्याच निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत औषधं सुरू न झालेल्या रुग्णांच्या बारकाईनं चाचण्या झाल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत सौम्य ते मध्यम बौद्धिक उणिवा निघाल्या. तीव्र डिमेन्शिया विरळ, हे खरं. पण बदललेल्या एका अमिनो आम्लावर आपण जरा जास्तच विसंबलो.

अशा उणिवांच्या ढोबळ तपासणीला यंत्र लागत नाही. चार शब्द लक्षात ठेवायचे. पाच सेकंदांत अंगठा नि तर्जनी भराभर जुळवायची. मग मूठ, तळवा, हाताची कड अशा क्रमानं हात टेबलावर ठेवायचा. बारापैकी दहा किंवा कमी गुण पडले, तर पुढची तपासणी. नैराश्य, दारू, थायरॉइड, बी-१२ची कमतरता हेही पाहावंच लागतं. ताप, डोकेदुखी, झटके किंवा एका अंगाची कमजोरी असेल, तर मात्र थांबू नये: तो टीबीचा वा क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर किंवा टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग असू शकतो.

क्वचित रक्त स्वच्छ असूनही पाठीच्या पाण्यात विषाणू सापडतो. तेव्हा औषधं बदलल्यावर बरेच रुग्ण सुधारतात. पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी हे मंदावणं लक्षात यायला हवं, आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. आजार घरात लपवलेला असतो. गोळी विसरली, तर आठवण करून देणारं कुणी नसतं, आणि एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर 'हल्ली हे मंदावलेत' असं सांगायलाही कुणी सोबत येत नाही.