भीती आधी जात नाही, मागाहून जाते

‘भीती गेली की बोलेन,’ असं म्हणत वर्षानुवर्षं गप्प राहिलेली माणसं आपल्या आसपास कितीतरी असतात. हा क्रमच उलटा आहे, हे अमेरिकी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अल्बर्ट एलिस (1913–2007) यांनी आधी स्वतःवर, मग रुग्णांवर प्रयोग करून दाखवलं आणि पुढे ते थेरपिस्टांच्या पिढ्यांना शिकवलं. त्यांच्या कामाकडे पाहिलं, तर चिंता आणि तिच्यावरच्या उपचारांविषयीचे बरेच गैरसमज दूर होतात.

गैरसमज 1 : चिंतेवर उपचार करणारा मुळातच धीट असतो.

वस्तुस्थिती : तरुण एलिस कमालीचे लाजाळू होते. मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स वनस्पतिउद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशी बोलायचं. त्यांच्याच आठवणीनुसार महिनाभरात ते 130 जणींपाशी गेले. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. तरीही प्रयोग यशस्वी ठरला, कारण नकारांनी काहीच भयंकर घडलं नाही आणि भीती ओसरली.

गैरसमज 2 : बालपण उकरून काढल्याशिवाय चिंता बरी होत नाही.

वस्तुस्थिती : एलिस यांनी 1947 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि सुरुवातीला मनोविश्लेषणाची पद्धत वापरली. भूतकाळ उलगडला तरी रुग्णांचा आजचा त्रास पुरेसा कमी होत नाही, असं त्यांना दिसलं. त्यांनी ती वाट सोडली आणि 1955 मध्ये स्वतःची पद्धत मांडली. तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. तिचं सूत्र सोपं आहे : घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन असतो. भूतकाळ बदलता येत नाही, पण आज मनात घट्ट धरून ठेवलेला दृष्टिकोन तपासता येतो.

गैरसमज 3 : विवेकनिष्ठ म्हणजे भावनाशून्य किंवा सदैव ‘सकारात्मक’.

वस्तुस्थिती : मुलाखतीला निघालेल्या मुलीने ‘ही नोकरी मिळावी अशी माझी फार इच्छा आहे’ असं म्हटलं, तर तिला काळजी वाटेल आणि त्या काळजीपोटी ती तयारी करेल. ‘ही मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ असं म्हटलं, तर चिंता तिला जखडून टाकेल. एलिस यांचा रोख या ‘च’वर होता. इच्छा कितीही तीव्र असू दे, तिची सक्ती होऊ देऊ नये. ‘सगळं छानच होईल’ अशी खोटी समजूत त्यांनी कधी घातली नाही. वाईट झालं तर दुःख होईलच, पण ते सोसता येईल, असं ते सांगत.

गैरसमज 4 : थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा.

वस्तुस्थिती : खरं काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत होतं. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीवर एलिस लाज घालवण्याचे सराव देत, उदाहरणार्थ, रेल्वेच्या भरल्या डब्यात येणाऱ्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारायचं. कुणाला इजा नाही, कायदा मोडायचा नाही. लोक वळून पाहतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात, हे रुग्ण स्वतः अनुभवतो. तो अनुभव शंभर उपदेशांनी मिळत नाही. अर्थात, काहींना सोबत औषधांचीही गरज असते. ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात.

गैरसमज 5 : उपचार बंद दाराआड होतात, त्यामुळे ते शिकवता येत नाहीत.

वस्तुस्थिती : एलिस यांनी 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. तिथे अनेक दशकं शुक्रवारी संध्याकाळी ते सर्वांसमक्ष उपचाराचं प्रात्यक्षिक करत. श्रोत्यांतूनच कुणीतरी स्वेच्छेने पुढे येई, आपली अडचण मांडे आणि नंतर श्रोतेही चर्चेत भाग घेत. शिकाऊ थेरपिस्ट आपल्या सत्रांच्या ध्वनिफिती ज्येष्ठांना ऐकवत. कुठे घाई झाली, कुठे रुग्णाचा मुद्दा निसटला, हे वाक्यावाक्यागणिक तपासलं जाई. हे कौशल्य नुसत्या पुस्तकांतून येत नाही, देखरेखीखाली केलेल्या सरावातून येतं.

गैरसमज 6 : ही अमेरिकी पद्धत आहे, आपल्याला तिचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : या विचाराचं मूळ प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्यात आहे, हे एलिस स्वतः सांगत. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली आणि अनेकांना तिचं प्रशिक्षण दिलं. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने हे आयुष्य मराठी वाचकांपर्यंत आणलं.

रुग्णाने आयुष्यभर थेरपिस्टकडे येत राहावं, असं एलिस यांना कधीच वाटलं नाही. स्वतःच्या ‘च’शी वाद घालायला त्याने शिकावं, यासाठी त्यांची धडपड होती. म्हणून रुग्णावर उपचार करणं आणि थेरपिस्ट घडवणं ही त्यांच्या लेखी वेगळी कामं नव्हती. बागेतल्या बाकाकडे पहिलं पाऊल टाकताना एकोणीस वर्षांचा तो मुलगा घाबरलेलाच होता. तुमचीही भीती सोबत असू द्या, पाऊल मात्र आज टाका.