मोबाईलवर भाषा येते का? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

२००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण आजही सांगतात, की इंग्रजी वाचता येतं, लिहिताही येतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. यात त्यांचा आळस नव्हता. घरात, गल्लीत, बाजारात ती भाषा कानावरच पडत नव्हती. रोजची एखादी तासिका आणि एक पाठ्यपुस्तक, एवढाच तिचा सहवास. दुसरीकडे २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. घरी हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि त्यांचीही अडचण याच जातीची आहे.

दुसरी भाषा शिकणाऱ्याला तीन गोष्टी कमी पडतात : ऐकायला आवाज, उजळणीला संधी आणि बोलायला माणूस. पहिल्या दोन गोष्टी तंत्रज्ञान भरभरून देतं. तिसऱ्या गोष्टीशी ते फक्त गाठ घालून देऊ शकतं. हा भेद नजरेआड झाला की गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १ : लँग्वेज लॅब उभी राहिली की मुलं बोलू लागतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेनं हा प्रयोग साठ वर्षांपूर्वीच मोठा खर्च करून पाहिला आहे. सोव्हिएत रशियानं १९५७ साली स्पुटनिक सोडला, आणि १९५८ साली अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्या निधीतून शाळाशाळांत लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या. छोटे कप्पे, कानाला हेडफोन, समोर टेपरेकॉर्डर. टेपवरचं वाक्य ऐकायचं, तसंच म्हणायचं, पुन्हा ऐकायचं. १९६३ साली रेमंड कीटिंग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या शाळांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा लॅबमधली मुलं इतर मुलांपेक्षा सरस ठरली नव्हती. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मोठ्या अभ्यासातही लॅबचा वेगळा फायदा दिसला नाही. यंत्रं व्यवस्थित चालत होती, पण मुलं अर्थाकडे लक्ष न देता वाक्यं घोकत होती आणि ती वाक्यं कोणालाच उद्देशून नव्हती. शिकणं घडतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे, माध्यमामुळे नव्हे, हा मुद्दा रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली ठामपणे मांडला. आपल्या कॉलेजांतल्या लॅबनाही तो लागू आहे. खरेदीची निविदा काढण्याआधी तिथल्या तासाला मुलं नेमकं काय करणार, हे कागदावर यायला हवं.

गैरसमज २ : लहान मुलाला इंग्रजी कार्टून लावून दिलं की भाषा आपोआप येते.

वस्तुस्थिती : वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग प्रत्येक पालकानं माहीत करून घ्यावा असा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं त्यांनी निवडली. मातृभाषा चिनी असलेल्या व्यक्ती या बाळांजवळ बसून पुस्तकं वाचत, खेळणी दाखवत, त्यांच्याशी चिनीत बोलत. साधारण २५ मिनिटांच्या अशा १२ बैठका झाल्या. त्यानंतर ही बाळं इंग्रजीत नसलेला चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती आणि त्याच प्रकारचं बोलणं टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं, तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांतली बाळं तो फरक शिकली नाहीत. समोर बसलेलं माणूस बाळाची नजर कुठे वळली ते बघतं, त्याच वस्तूबद्दल बोलतं, बाळानं आवाज काढला की थांबून प्रतिसाद देतं. रेकॉर्डिंगला यातलं काही जमत नाही.

मग लहान मुलांसाठी पडदा सरसकट निरुपयोगी म्हणायचा का? तसंही नाही. सारा रोझबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. काहींना प्रत्यक्ष समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. प्रत्यक्ष भेटीतून आणि व्हिडिओ कॉलमधून मुलं शिकली, रेकॉर्डिंगमधून शिकली नाहीत. म्हणजे निर्णायक ठरला तो समोरून येणारा जिवंत प्रतिसाद. परदेशात वाढणाऱ्या नातवाशी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर मराठीत बोलणारी आजी म्हणूनच कुठल्याही मराठी कार्टूनपेक्षा मोलाची आहे. तिनं ‘जेवलास का रे?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आज डब्यात काय नेलं होतंस? कोणाला दिलंस?’ असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी.

गैरसमज ३ : ॲपवर सलग दिवसांची साखळी वाढली म्हणजे भाषा वाढली.

वस्तुस्थिती : ॲपना नावं ठेवण्याआधी एक मान्य करू, की त्यांतल्या चांगल्या ॲपमागे पक्कं शास्त्र आहे. शिकलेलं किती वेगानं विसरतं, हे हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून मोजलं. १९६७ साली पॉल पिम्सलर यांनी उजळणीचं वेळापत्रकच सुचवलं : नवा शब्द ५ सेकंदांनी आठवायचा, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाभरानं, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, असं अंतर वाढवत न्यायचं. १९७२ साली झेबास्टियान लाइटनर यांनी हेच तत्त्व कप्प्यांच्या पेटीत आणलं. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा समोर येतो, चुकलेला पहिल्या कप्प्यात परततो. आज अंकीसारखी ॲप हा हिशेब आपल्यासाठी ठेवतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा विसरलेला शब्द शिक्षकाला लक्षात ठेवता येत नाही. यंत्राला येतो, आणि ही त्याची खरी ताकद आहे.

पण ‘आठवणं’ आणि ‘ओळखणं’ यांत मोठं अंतर आहे. कार्पिकी आणि रोडिगर यांनी २००८ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासह शिकवले. एकदा आलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावला, त्यांच्या आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द लक्षात होते. ज्यांनी तो शब्द फक्त पुन्हा वाचला, त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली होतं. चार पर्यायांतून एक निवडणं म्हणजे ओळखणं. तेव्हा पर्याय हातानं झाका, उत्तर आधी मोठ्यानं म्हणा, मगच बटण दाबा. आणि त्या दिवशी शिकलेले दोन-तीन शब्द घालून कोणाला तरी एक खराखुरा निरोप पाठवा. साखळीचा आकडा ॲप रोज उघडलं एवढंच सांगतो. भाषा किती आली, हे तो निरोप सांगतो.

गैरसमज ४ : मराठी सबटायटल लावून इंग्रजी सिनेमे पाहिले की कान तयार होतो.

वस्तुस्थिती : डोळे मराठी वाचत राहतात आणि कान सुटीवर जातात. मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ साली डच प्रेक्षकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी असलेले व्हिडिओ दाखवले. इंग्रजीच सबटायटल वाचणाऱ्यांना तो ढंग पुढे अधिक नीट समजू लागला. डच सबटायटलमुळे अनोळखी वाक्यं ऐकताना उलट अडथळाच झाला. म्हणून बोलण्याचीच भाषा खाली लिहिलेली असावी. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांना गाण्याच्याच भाषेत सबटायटल देण्याचं काम याच तत्त्वावर उभं केलं, तेही साक्षरता पक्की करण्यासाठी. मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसानंही मराठी मालिका मराठी अक्षरांसह पाहावी.

तरीही ऐकून समजणं ही अर्धीच मजल आहे. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवलं, की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजत उत्तम होतं, पण बोलणं-लिहिणं मागे पडत होतं. स्वतःचं वाक्य रचण्याची वेळ त्यांच्यावर पुरेशी येतच नव्हती. ‘मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत’ असं मूल असलेल्या परदेशातल्या मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज ५ : यंत्रानं उच्चार चूक ठरवला म्हणजे तो चूकच.

वस्तुस्थिती : बोललेलं टिपून घेणारं यंत्र सरावाला उत्तम आहे. सुगत मित्रा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हैदराबादमधल्या मुलांनी अशाच सॉफ्टवेअरवर, बरीचशी आपापली, सराव करून इंग्रजी उच्चार सुधारले होते. यंत्र कंटाळत नाही आणि हसतही नाही, हा लाजऱ्या मुलाला मोठा आधार. मात्र निवाडा यंत्राकडे सोपवू नये. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली दाखवून दिलं, की बोलण्यात परका ढंग ठळक असला तरी ते पूर्ण समजू शकतं. समजणं हे ध्येय ठेवावं. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा आवाज काढणं हे नव्हे. मराठीच्या बाजूनं पाहिलं तर ‘चार’ या आकड्यातला च आणि जनावरांच्या ‘चाऱ्या’तला च वेगळे आहेत. लिपी तो फरक दाखवत नाही आणि वाचून दाखवणारं प्रत्येक यंत्र तो पाळेलच असं नाही. इथे मराठी माणसाचा कानच प्रमाण.

गैरसमज ६ : भाषांतराचं यंत्र खिशात आहे, मग भाषा शिकायची कशाला?

वस्तुस्थिती : फलक वाचायला, औषधाची सूचना समजून घ्यायला हे यंत्र जरूर वापरावं. पण इंग्रजीतल्या एकाच ‘वी’साठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन मार्ग आहेत. समोरच्याला सोबत घ्यायचं की वगळायचं, हे बोलणारा ठरवतो, आणि सुट्या वाक्यावरून यंत्राला त्याचा अंदाजच करावा लागतो. शिकणाऱ्यानं क्रम पाळावा : आधी स्वतःचं वाक्य, मग यंत्राचं, मग दोन्हींची तुलना. गप्पा मारणाऱ्या नव्या एआय साधनांनाही हाच नियम. मोडकं वाक्यही ती सांभाळून घेतात, म्हणून ‘माझी चूक दाखव, पण उत्तर तू लिहू नकोस’ असं त्यांना बजावून बसावं.

गैरसमज ७ : हे सगळं शहरातल्या पैसेवाल्या शाळांसाठी. आमच्या गावात कसं जमणार?

वस्तुस्थिती : पालकाचा एक साधा मोबाईल आणि व्हॉट्सॲप एवढ्यावर बरंच काही होतं. पाचवीच्या बाई संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात एक प्रश्न टाकतात : सकाळी काय खाल्लंस? घरी मुलगी रेकॉर्ड करते, ‘आय ईट भाकरी.’ ऐकते, पुसते. पुन्हा, ‘आय एट भाकरी अँड पिठलं.’ ऐकते, शेजारच्या ताईला विचारते, तिसऱ्यांदा बोलते आणि मग पाठवते. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलीनं आपलं वाक्य स्वतः ऐकून स्वतः दुरुस्त केलं, खरं शिकणं तिथेच झालं. दुसऱ्या दिवशी बाई त्यातली दोन-तीन उत्तरं मुलांना विचारून वर्गात ऐकवतात आणि इतरांना त्यावर पुढचा प्रश्न विचारायला लावतात. हा शेवटचा भाग गाळला, तर उरतं ते जुन्या लॅबमधलं घोकणं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा जगभर झाली. मुलांची भाषा कन्नड असल्यामुळे ते आधी स्वतः कन्नड शिकले, हेही पुरस्काराच्या परिचयात नमूद होतं. त्याची चर्चा मात्र कमी झाली. कोड कोणालाही छापता येतो. मुलांसाठी त्यांची भाषा शिकण्याची तयारी विकत मिळत नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांनी, शाळा व्यवस्थापन समितीनं आणि पालकांनी साधन घेण्याआधी किंमत आणि आकर्षक चित्रं बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत. या पंधरा मिनिटांत मूल अर्थ समजून किती ऐकणार? न बघता किती आठवणार? स्वतःचं वाक्य किती वेळा बोलणार? आणि त्या वाक्याला उत्तर कोण देणार? पहिल्या तिन्हींची सोय यंत्रावर खुशाल सोपवावी, कारण ते ती अथकपणे करतं. त्यातून शिक्षकाचा जो वेळ वाचेल, तो चौथ्या प्रश्नासाठी राखून ठेवावा. शाळेच्या वेळापत्रकात मुलांच्या बोलण्याला हक्काचा तास मिळाला, तरच साधनावरचा खर्च सार्थकी लागेल.