जेरुसलेम: वहिवाटीवर चालणारं शहर

मंडळी, 'तीन धर्मांचं पवित्र शहर' हे जेरुसलेमचं वर्णन आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. एकाच जागेवर अनेकांचा हक्क असेल तर तिथलं रोजचं काम चालतं कसं? सकाळी दार कोण उघडतं? पायरी कोण झाडतं? छप्पर गळलं तर डागडुजी कुणी करायची? आज आपण जुन्या शहरात फिरू ते हे प्रश्न सोबत घेऊन.

तटबंदीच्या आतलं जुनं शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. आजचे तट सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमाननं बांधून घेतले. आत मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू आणि आर्मेनियन असे चार मोहल्ले आहेत. ख्रिस्ती लोकांचं होली सेपल्कर चर्च, ज्यूंची पश्चिम भिंत आणि मुस्लिमांचं हरम अल-शरीफ ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर.

आपल्याकडे बांधावरून भांडण लागलं की एक शब्द हमखास येतो: वहिवाट. कागद काहीही म्हणोत, वर्षानुवर्षं कोण वापरतंय, याला वजन असतं. जेरुसलेम समजून घ्यायला हाच शब्द सगळ्यात उपयोगी पडतो.

होली सेपल्करपासून सुरुवात करू. येशूला जिथं क्रुसावर चढवलं आणि पुरलं असं मानतात, त्या जागेवर हे चर्च उभं आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि आर्मेनियन हे तीन मोठे वाटेकरी; कॉप्टिक, सीरियाक आणि इथिओपियन हे तीन लहान. त्यांची भांडणं इतकी जुनी की १८५२ साली ऑटोमन सुलतानानं फर्मान काढून सांगितलं, आज जे जसं आहे तसंच राहील. कोणता कोपरा कुणाचा, कुणाची प्रार्थना किती वाजता, दिवे कुणी लावायचे, हे सगळं त्या वेळच्या वहिवाटीवर गोठलं. १८७८ च्या बर्लिन तहात त्याला युरोपातल्या सत्तांचीही मान्यता मिळाली.

या चर्चची किल्ली दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. जौदेह घराणं किल्ली सांभाळतं, नुसैबेह घराणं दार उघडतं. हा मान सलाहुद्दीनच्या काळापासूनचा, असं परंपरा सांगते. सहा पंथांपैकी एकाच्या हाती किल्ली गेली असती तर उरलेल्या पाचांना ते चाललं नसतं, हे आपल्याला समजायला कठीण नाही. गावच्या जत्रेत पालखीचा पहिला मान कुणाचा, यावरून काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

दारावरच्या खिडकीपाशी एक लाकडी शिडी दिसेल. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती तिथंच आहे. कुणाची, कशासाठी ठेवली, हा प्रश्न मागे पडला. हलवायची तर सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती राहिली.

ही झाली गमतीची बाजू. पण जिथं वापरातून हक्क तयार होतो, तिथं लहानशी हालचालही दावा ठरते. २००२ साली चर्चच्या छतावर एका कॉप्टिक मठवाशानं आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली. इथिओपियन मठवाशांनी ते अतिक्रमण मानलं आणि हाणामारी होऊन माणसं रुग्णालयात पोचली.

याहून भयंकर उदाहरण पश्चिम भिंतीचं. ज्यूंचं प्राचीन मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त केलं. मंदिराच्या चौथऱ्याची ही आधारभिंत. १९२८ साली योम किप्पूरला भिंतीपाशी स्त्री-पुरुषांमध्ये एक पडदा लावला गेला. नवी वहिवाट सुरू होतेय, अशी हरकत मुस्लिमांनी घेतली. ब्रिटिश पोलिसांनी पडदा काढला, पण तणाव वाढतच गेला. पुढच्या वर्षीच्या दंगलींत, ज्यू आणि अरब मिळून, दोनशेहून अधिक माणसं मेली.

त्याच चौथऱ्यावर हरम अल-शरीफ आहे. घुमटाची सोनेरी वास्तू सातव्या शतकाच्या शेवटी उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकनं बांधली. १९६७ च्या युद्धात जुनं शहर इस्राएलच्या ताब्यात आलं. तेव्हा ठरलं ते असं: आतला कारभार जॉर्डनच्या आधाराच्या वक्फकडे, सुरक्षा इस्राएलकडे; इतरांनी येऊन पाहावं, प्रार्थना मात्र मुस्लिमांनीच करावी. अलीकडे काही ज्यू गट तिथं उघडपणे प्रार्थना करतात. वहिवाट बदललेली नाही, असं इस्राएल सरकार म्हणतं. वक्फ आणि जॉर्डन म्हणतात, ती डोळ्यांदेखत बदलतेय.

इथं वहिवाटीची मर्यादाही दिसते. तिच्यामागे सत्ता उभी असेल तोवरच ती टिकते. भिंतीसमोरचं आजचं मोकळं पटांगण १९६७ मध्ये मुघराबी मोहल्ला पाडून झालं. शतकानुशतकांची वहिवाट असूनही तिथली शेकडो माणसं बेघर झाली.

आणि जिथं ती टिकते, तिथं किंमत वेगळी. येशूच्या थडग्यावरची वास्तू खिळखिळी झाली म्हणून १९४७ मध्ये ब्रिटिशांनी लोखंडी तुळयांचा आधार दिला. दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत व्हायला २०१६ साल उजाडलं. पण झालं, तीन मोठे पंथ एकत्र आले आणि २०१७ मध्ये काम पूर्ण झालं.

आता जाणाऱ्यांसाठी. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. मुस्लिमेतरांना हरममध्ये मुघराबी दारातूनच प्रवेश मिळतो, तोही ठरावीक वेळेत. शुक्रवारी आणि शनिवारी नाही. तणाव असेल तर इतर दिवशीही दार बंद असू शकतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, भिंतीपाशी फोटो काढू नका.

आणि एका संध्याकाळी होली सेपल्करच्या अंगणात थांबा. दार लोटलं जातं, नुसैबेह घराण्यातला माणूस शिडीवर चढून वरचं कुलूप लावतो, मग तीच शिडी दारातल्या झडपेतून आत ओढून घेतात. आतले ख्रिस्ती मठवासी रात्रभर आतच राहतात. किल्ली बाहेर, मुस्लिम घराण्याकडे. सकाळी दार उघडणार, या भरवशावर.