माहिती चौकट : अहवालाची क्वेरी आणि पॅरामीटर

अहवालाच्या एसक्यूएल क्वेरीत तारीख, शाखा किंवा आडनाव थेट मजकुरात जोडणे सोपे वाटते, तरी ती जागा पॅरामीटरसाठीच राखावी. पॅरामीटर वापरला की क्वेरीची रचना आधीच ठरते आणि भरलेले मूल्य निव्वळ माहिती म्हणून स्वीकारले जाते. त्याची आज्ञा होऊच शकत नाही. गोव्यातले डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत पुष्कळदा पहिल्या अक्षरानंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. जोडून बनवलेल्या क्वेरीत डेटाबेसला मजकूर तिथेच संपला असे वाटते आणि अहवाल बंद पडतो. हीच फट हल्लेखोर वापरतो. २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीतून याच मार्गाने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरली गेली; २०१६ मध्ये तिला चार लाख पौंडांचा दंड झाला.

‘आमचा अहवाल फक्त कार्यालयातलेच पाहतात’, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण डिसोझा तिथेही असतात. वेगाचा आक्षेप मात्र खरा आहे. एसक्यूएल सर्व्हर पहिल्या मूल्याला साजेशी, क्वेरी चालवण्याची योजना साठवून पुढेही वापरतो. छोट्या शाखेसाठी आखलेली योजना मोठ्या शाखेला जड जाते. पण त्यावर दर वेळी नवी योजना आखायला लावणारा ‘ऑप्शन रीकम्पाइल’ हा उपाय आहे, आणि तो त्या एका क्वेरीपुरताच करावा. टेबलाचे किंवा रकान्याचे नाव पॅरामीटरने देता येत नाही. ते वापरणाऱ्याला टाइप करू देऊ नका, ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावा.