बिल्ल्याची सुई

वडिलांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर डाव्या खिशाच्या वर दोन बारीक तांबूस ठिपके असत. आई लिंबू-मीठ चोळून ते काढायची आणि पुढच्या सभेनंतर ते पुन्हा उमटायचे. अलिबागच्या खाऱ्या हवेत टिनाचा बिल्ला गंजतो तो सुईपासून. दत्ता पाटलांच्या, दि. बा. पाटलांच्या सभांना वडील जो बिल्ला लावून जात, तो अजून माझ्याकडे आहे. चित्र थेट पत्र्यावर छापलेले, कड आत वळवलेली आणि त्या कडेत अडकवलेली तारेची सुई. चित्र खटाऱ्याचे.

शेतकरी कामगार पक्ष असे पूर्ण नाव आमच्याकडे फारसे कुणी घेत नसे. झेंडा म्हणजे लाल बावटा आणि मत म्हणजे खटारा. १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीच्या कुळांनी खोतांची शेते पडीक ठेवून संप केला, त्या मुलखात बैलगाडी अंगणातच उभी असायची. तिचे चित्र ओळखायला शाळेत जावे लागत नव्हते.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळी, मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, अलिबाग-पेण रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात मी चार दिवस बसलो. कारखाना म्हणजे पडवीत मांडलेले दोन हातप्रेस. एरवी तिथे शाळांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे बिल्ले होतात. मला शिकवायला एक वहिनी होत्या. त्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. ५८ मिलिमीटरच्या बिल्ल्याला कागद ७० मिलिमीटरचा गोल कापावा लागतो, कारण कडेचा सगळा भाग पत्र्याखाली दुमडला जातो. निशाणी त्या पट्टीत गेली की गेलीच.

साच्यात आधी पत्र्याची उथळ वाटी ठेवायची, तिच्यावर कागद, कागदावर पारदर्शक फिल्म. दांडा एकदा दाबला की हे तिन्ही वरच्या साच्यात चढून बसतात. मग दुसऱ्या साच्यात सुई लावलेले झाकण पालथे ठेवायचे, साचा फिरवायचा आणि पुन्हा दाबायचे. ‘कट्’ असा आवाज आला की कड झाकणावर घट्ट वळली. आवाज मऊ आला तर फिल्म सरकलेली असते. वहिनी न बघताही असा बिल्ला ओळखून बाजूला टाकत. “अर्ध्यावर थांबू नका भाऊ, एका दमात दाबा,” हे त्यांनी मला पहिल्या दिवशी किती वेळा सांगितले असेल!

पहिल्या दिवशी माझे सतरा बिल्ले वाया गेले. झाकण किंचित तिरके बसवले की सुई तिरकी होते आणि शर्टावर निशाणी कलते. कमळ थोडे कलले तर चालून जाते. घड्याळाचे काटे मात्र दहा वाजून दहा मिनिटांवर आहेत, तिथे जरा कल आला तर वेळच बदलते. वहिनी घड्याळाचे बिल्ले स्वतःच दाबत.

लहान, ३२ मिलिमीटरच्या बिल्ल्यात चित्रकाराची खरी परीक्षा होते. निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी १९९२ साली निवृत्त झाले. त्यांनी पेन्सिलीने काढलेल्या निशाण्या आजही मतपत्रिकेवर दिसतात, आणि त्यांतल्या रेषा कमी असल्यामुळे त्या कितीही लहान केल्या तरी बुजत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरात शिवसेनेच्या एका गटाला मशाल मिळाली. तिची ज्वाळा लहान बिल्ल्यातही ठसठशीत दिसते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला तुतारी वाजवणारा माणूस मात्र आक्रसतो. त्याचा हात कुठे संपतो आणि तुतारी कुठे सुरू होते ते कळत नाही.

हा छपाईपुरता प्रश्न आहे असे मी मानत नाही. त्याच वर्षी साताऱ्यात लोकसभेला पिपाणीच्या निशाणीवर उभ्या असलेल्या एका उमेदवाराला ३७ हजारांवर मते पडली, आणि तुतारी वाजवणारा माणूस हरला तो ३२ हजारांच्या फरकाने. आमच्या रायगडात २०१४ साली सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. तेव्हा सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही रिंगणात होता आणि त्याला ९,८४९ मते मिळाली. नाव सारखे असले की माणसाच्या हातात निशाणीच उरते. म्हणून छातीवरची ती निशाणी नीट दिसलीच पाहिजे.

भरलेल्या पिशव्या वहिनी तांदळाच्या रिकाम्या डब्यांत घट्ट झाकून ठेवत, तरी चौथ्या दिवशी मी उघडलेल्या डब्यातल्या दोन-तीन सुयांवर तांबूस छटा आली होती. निकेलचा मुलामा पातळ असतो आणि मांडव्याकडून येणारा वारा थांबत नाही. मी वडिलांचा बिल्ला त्यांना दाखवला. त्यांनी उलटा करून कडेवरून अंगठा फिरवला. “सुई बदलून देऊ?” त्यांनी विचारले. मी नको म्हटले.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत निशाणी दाखवायला कायद्याने बंदी आहे. आमच्या शाळेच्या वाटेवर पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली असायची. वडील तिच्यापाशी थांबत, सुई सोडवत, बिल्ला रुमालात गुंडाळून खिशात ठेवत आणि मगच माझा हात धरून पुढे निघत. रांगेत माझी मान त्यांच्या छातीपर्यंत पोचायची, आणि मला दिसायचे ते दोन तांबूस ठिपके.